आमचे दात काढूनच का टाकायचे?

पैसेवाल्याचा दात दुखला की डॉक्टर तो वाचवतात. आपल्या वस्तीतल्या माणसाचा दात दुखला की तो काढतात. छत्रपती संभाजीनगरच्या कामगार वस्त्यांत आणि आसपासच्या तालुक्यांत काम करताना आम्ही हा फरक इतक्यांदा पाहिला आहे की त्याला योगायोग म्हणणे आता जमत नाही. चाळिशीही न गाठलेली माणसे भाकरी कालवणात मोडून, मऊ करून खातात. भुईमुगाच्या शेंगा पोरांकडे सरकवतात. विचारले तर उत्तर ठरलेले: "लय ठणकत होती, काढून टाकली, सुटलो एकदाचं." एक दाढ काढून सुटलेला माणूस दोन वर्षांनी दुसरी काढायला त्याच रांगेत उभा असतो.

हा विषय काढला की काही साथी हसतात. अत्याचाराची प्रकरणे न्यायालयात पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, कंत्राटीकरणाने हक्काच्या नोकऱ्या गिळल्या आहेत आणि तुम्ही दातांचे काय घेऊन बसलात? प्रश्न चुकीचा नाही. पण जातिव्यवस्थेने आपले नियम सर्वांत आधी कुठे लिहिले, हेही या साथींनी आठवावे. पाणी, उष्टे, थुंकी. म्हणजे तोंडावरच. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली तर सवर्ण विटाळतील. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हा दाखला दिला आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या दुसऱ्या परिषदेत, त्यांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने घालू नयेत हेसुद्धा सांगितले होते. मनुस्मृती जाळणाऱ्या परिषदेत लुगड्यावर बोलणे त्यांना फालतू वाटले नाही. व्यवस्था ज्या शरीरावर आपली खूण ठेवते, त्या शरीराची काळजी हा राजकारणाचाच भाग आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता दंतवैद्याच्या खुर्चीचा विचार करा. वैद्यकीतली ही अशी शाखा आहे जिथे परका माणूस आपल्या तोंडात बोटे घालतो आणि आपली लाळ त्याच्या हाताला लागते. हातमोजे आहेत हे खरे. पण हातमोजे नजरेवर घालता येत नाहीत. कचरा वेचणाऱ्या एका बाईला एका खासगी दवाखान्यात सगळ्या रांगेदेखत सांगितले गेले, "आधी घरून नीट दात घासून या, मग बघू." त्या बाई पुन्हा कुठल्याच दवाखान्यात गेल्या नाहीत. त्यांनी दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबली आणि कामावर गेल्या. तिथे कुणी त्यांना जात विचारली नव्हती. गरजही नव्हती. कपडे, वस्तीचे नाव आणि दातांचा रंग यांवरून जे कळायचे ते कळते.

दातांचा रंग नोकरीच्या मुलाखतीतही बोलतो. पदवीधर पोरगा हसताना तोंडावर हात धरतो. पुढचा दात किडलेली मुलगी कॉलेजच्या ग्रुप फोटोत ओठ मिटून उभी राहते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'कलंक' ही संकल्पना पुस्तकातून शिकलो. वस्तीत ती ओठांवर धरलेल्या हातात दिसते.

पण लाज हा या प्रश्नाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा सरळ पैशाचा आणि वेळेचा आहे. कीड दाताच्या वरच्या थरात असते तेव्हा दुखत नाही. तेव्हाच सिमेंट भरले तर काम थोडक्यात आणि काहीशे रुपयांत आटोपते. कीड नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडते. मग दात वाचवायचा तर रूट कॅनल आणि वर कॅप लागते. शहरातल्या खासगी दवाखान्यात हा आकडा हजारांत जातो आणि तीन-चार चकरा होतात. दात काढायला मात्र एकच चक्कर आणि कमी पैसे. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक चकरेला दिवस मोडतो, मजुरी बुडते, मुकादमाची बोलणी खावी लागतात. म्हणून तो दुखणे असह्य होईपर्यंत मेडिकलवरच्या गोळीवर काढतो आणि शेवटी "काढाच साहेब" म्हणतो. त्याला अडाणी म्हणणारे लोक हा हिशेब करत नाहीत. त्याच्यासमोर जे पर्याय ठेवले आहेत, त्यांत त्याने निवडलेलाच पर्याय परवडणारा आहे.

हे पर्याय कोणी ठेवले? केंद्राच्या मानकांनुसार तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात एक दंतशल्यचिकित्सक असायला हवा. अनेक ठिकाणी तो असतोही. पण खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद, भरण्याचे सिमेंट संपलेले, एक्स-रे नाही. हाताशी उरतात भुलीचे इंजेक्शन आणि दात काढायचा चिमटा. मग तो डॉक्टर तरी काय करणार? केंद्राने २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला आहे. तालुक्याच्या रुग्णालयात त्याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे भिंतीवर लावलेले ब्रशचे पोस्टर.

विम्याचे तर विचारूच नका. आयुष्मान भारतच्या नियमांत दात भरणे आणि रूट कॅनल वगळलेले आहे. आजार किंवा इजेमुळे रुग्णालयात भरती व्हावे लागले तरच अपवाद. म्हणजे तोंडाचा कॅन्सर झाला की कार्ड चालते, जबडा मोडला की चालते. दाढेला भोक पडले असताना चालत नाही. गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांना 'नमस्ते' योजनेतून हेच कार्ड दिले जाते. जे काम करताना दुर्गंधी सोसायला माणूस तोंडात गुटखा धरतो, त्या कामाच्या बदल्यात त्याला असे कार्ड मिळते, जे त्याचे तोंड पूर्ण बिघडेपर्यंत उपयोगाचे नाही. धोरण आखणाऱ्यांना दात हा शरीराचा भाग वाटत नाही, शोभेची वस्तू वाटते. जागतिक आरोग्य संघटना मात्र तसे मानत नाही. तिने २०२१ साली फ्लोराइड टूथपेस्ट आणि दात भरण्याचे ग्लास आयनोमर सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले आहे.

दात काढून माणूस सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. एक दाढ गेली की शेजारची तिकडे झुकते, समोरची लांबते, फटीत अन्न अडकते आणि नवी कीड तिथे सुरू होते. चावता येत नाही म्हणून माणूस डाळी, कडधान्ये, कच्च्या भाज्या, मांस सोडतो आणि चहा-बिस्किटावर येतो. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तर दोनदा ऐकावे. हिरड्यांचा आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या खाते. हे दोन्ही बाजूंनी चालते. आणि दाढेचा पू गळ्याकडे उतरला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर गोळी घेऊन झोपायचे नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचे.

मग आज, आहे त्या व्यवस्थेतून काय ओढून घेता येईल? बरेच काही. आम्ही हे जोर देऊन सांगतो, कारण व्यवस्थेवर टीका करता करता आपण तिच्यातले हक्काचेही सोडून देतो.

आमच्या शहरात घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि मुंबईतही आहे. मुंबईत नायर रुग्णालयाचे महापालिकेचे दंत महाविद्यालय वेगळे. इथे दात भरणे, रूट कॅनल, हिरड्यांची साफसफाई, कवळी हे सगळे खासगी दराच्या तुलनेत नाममात्र शुल्कात होते. शिकाऊ पोरे काम करतात म्हणून लोक घाबरतात. उलट आहे. विद्यार्थ्याला ठरलेल्या संख्येने रुग्ण पूर्ण करावेच लागतात, प्रत्येक टप्पा मॅडम किंवा सर तपासतात, म्हणून तो वेळ घेतो आणि काम नीट करतो. अडचण वेळेचीच आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि तीन-चारदा यावे लागते. तेव्हा दुखायच्या आधी जा, आणि पुढची तारीख आपल्या सुट्टीच्या वारी मागा. बऱ्याचदा देतात. मागत कोणी नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दातांच्या विभागात कोणी पैसे मागितले तर पावती मागा. कंपनीत किंवा कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर ईएसआय रुग्णालयात दातांचा उपचार हा त्या कपातीतूनच विकत घेतलेला हक्क आहे. वाळूजच्या कारखान्यांतल्या किती पोरांना आम्ही विचारले, "पगाराच्या चिठ्ठीत ही कपात कशाची?" "काहीतरी पीएफचं असेल."

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली आपल्या पालघरमधूनच तो सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवे, आणि दातांची कीड त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक येते, मुलांना 'आ' करायला लावते आणि जाते. किडलेल्या दाढेची संदर्भचिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठी नसेल तर तपासणी झाली असे मानू नका. म्हाताऱ्यांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना तिच्यात काठी, चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीही मिळू शकते. शिबिरात काठ्या वाटून फोटो निघतात, कवळीसाठी मापे घ्यावी लागतात म्हणून तो विषय निघत नाही. तो आपण काढायचा.

आणि खुर्चीवर बसल्यावर एक प्रश्न विचारायचाच: "हा दात वाचवता येईल का?" खासगी असो की सरकारी. वाचत असेल पण इथे सोय नसेल, तर कुठे आहे ते केसपेपरवर लिहून मागायचे. बीपी, साखर, चालू असलेल्या गोळ्या, गरोदरपण हे आधीच सांगायचे. गरोदर बाईने दाताचा उपचार करूच नये हा गैरसमज आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात तो सोयीने होतो. वरचा दात काढला की डोळे जातात, दात साफ केले की हलू लागतात, हेही आम्ही रोज ऐकतो. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि साफ केल्यावर हलणारे दात आधीच हललेले असतात, दगडासारख्या साचलेल्या किटणाने ते धरून ठेवलेले असतात इतकेच.

आता आपल्या घरातला कचरा.

मिश्री. पहाटे चारला उठून ऊसतोडीच्या फडात जाणारी बाई चुलीपुढे बसून तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने दातांना लावते, तेव्हा ती दात घासत नसते. तिला तेवढीच पाच मिनिटे स्वतःची असतात. मिश्रीने पोट साफ होते, भूक मरते, कळ दबते. ज्या बाईला फडात शौचाला आडोसा नाही आणि दुपारपर्यंत जेवण नाही, तिला या तिन्ही गोष्टींची गरज आहे. म्हणून "मिश्री वाईट" एवढे सांगून येणारे आरोग्यवाले तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पण तिची गरज समजून घेणे म्हणजे मिश्रीला माफी देणे नव्हे. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा मागोवा घेतलेला अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायांमध्ये मिश्रीवाल्याच जास्त होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच अशक्त आईच्या बाळासाठी १०५ ग्रॅम म्हणजे किती, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आशाताईला विचारा.

केंद्र सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. म्हणून पुडीवर 'दंतमंजन' असे छापता येत नाही. पण मिश्री घरी भाजली जाते, आणि दुकानात तंबाखू म्हणून मिळतेच. सासू सुनेला लावायला शिकवते, सून लेकीला. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या बोटाला मिश्री दिसली तर ती तिथेच थांबवता येते. पन्नाशीतल्या आजीची सुटणे कठीण, तिच्याशी भांडून वेळ घालवू नये असे आमचे मत झाले आहे. तिला तपासणीला न्यावे. नातीचे बोट मात्र धरावे.

पुरुषांकडे या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नसून चघळणारे आहेत. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे: एक पुडी पानमसाल्याची, एक तंबाखूची, टपरीवरच एकत्र. धाड पडली की टपरीवाला आत जातो, आणि तो बहुधा आपल्यापैकीच कुणाचा तरी पोरगा असतो. माल पुरवणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही. विदर्भात खर्रा घोटला जातो, आपल्याकडे मावा. काही जण म्हणतात, "मी नुसती सुपारी खातो." आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पंचवीस-तिशीतल्या पोरांचे तोंड उघडेनासे होते ते या सुपारीनेच. साधी चाचणी आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर आज सुपारी सोडा आणि दंत महाविद्यालय गाठा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, यांसाठीही तेच. या टप्प्यावर पकडले तर जीव वाचतो. आपल्याकडे बहुतेक जण मानेला गाठ आल्यावर जातात.

आणि इथे आम्हाला चळवळीशी भांडायचे आहे. विहारात पंचशील घेऊन माणूस बाहेर येतो आणि भिंतीआड तळहातावर तंबाखू मळतो. विचारले तर म्हणतो, पाचवे शील मद्याबद्दल आहे, तंबाखूबद्दल नाही. अशी पळवाट काढायला धम्म घेतला होता काय? जयंतीच्या मंडपाला पानमसाल्याच्या एजंटाकडून वर्गणी येते, त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोखाली लागतो आणि आपण डीजे केवढा मोठा याची चर्चा करतो. ज्या मालामुळे आपली पोरे जबडा गमावतात, त्याच्या पैशावर आपण महापुरुषाची जयंती करतो. हे बंद व्हावे, याच वर्षी व्हावे, आणि ज्या मंडळाला ते जमत नाही त्याच्या मंचावर वक्ता म्हणून आम्ही जाणार नाही.

बुद्धाला तर हा विषय क्षुद्र वाटला नव्हता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येणे आणि अन्नाची चव न लागणे हे त्यांतलेच. दंतकाष्ठाची लांबीसुद्धा ठरवून दिली आहे: चार अंगुळांहून कमी नाही, आठांहून जास्त नाही. इतका बारीक विचार. यावरून कुणी लगेच कडुनिंबाच्या काडीचे गोडवे गाऊ नयेत. अडीच हजार वर्षांपूर्वी काडी हे उपलब्ध असलेले उत्तम साधन होते, आज मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट आहे. राखुंडी आणि विटेची पूड दाताचे वरचे कवच घासून काढतात. पेस्ट महागडी नको. मागे फ्लोराइड लिहिले आहे का तेवढे पाहा. रात्री झोपताना घासणे सकाळच्यापेक्षा जास्त मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि कीड तेव्हा जोर धरते. घासून झाल्यावर थुंकावे, खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मोठ्याला वाटाण्याएवढी. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात. तिथे ब्रशचा उपदेश करण्याआधी पाण्याची तपासणी मागावी. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्याचे नाही.

एक गोष्ट जवळपास कुठल्याच आईला सांगितली गेलेली नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष होते आणि आठव्या-नवव्या वर्षी ती किडते. ती कायमची दाढ असते. वस्तीत सर्वांत आधी काढली जाणारी दाढ बहुधा हीच. पहिलीतल्या मुलाचे तोंड आज उघडून बघा. पाच रुपयांचा क्रीमचा बिस्किटपुडा शाळेच्या दप्तरात ठेवायचा की नाही, हेही मग ठरवता येईल.

आपल्या समाजातले बीडीएस झालेले मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांना आम्ही फितूर म्हणणार नाही. डोक्यावर खुर्चीचे, एक्स-रे मशीनचे कर्ज असते आणि शहरात दात पांढरे करण्यालाच पैसा आहे. त्यांच्याकडून फुकट सेवेची वर्गणी मागण्यापेक्षा महिन्यातला एक रविवार मागावा, आणि साहित्याचा खर्च मंडळाने द्यावा. एका डीजेच्या भाड्यात किती दाढांचे सिमेंट येते, ते त्यांनाच विचारा.

सरकारकडे मागायचे ते वेगळे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला दहा रुपयांच्या तिकिटावर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दंतशल्यचिकित्सकाचे पद मंजूर आहे का, भरलेले आहे का? खुर्ची आणि कॉम्प्रेसर चालू आहे का, बंद असेल तर कधीपासून? गेल्या वर्षात किती दात काढले, किती भरले, किती रूट कॅनल केली? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. काढलेल्या आणि भरलेल्या दातांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मोर्च्याला वेगळे निवेदन लिहायची गरज उरत नाही. मागणी तीन ओळींत मावते: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दात वाचवण्याचे साहित्य, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची दातांची ओपीडी, आणि दात भरणे व रूट कॅनलचा विमा योजनेत समावेश. संध्याकाळच्या ओपीडीवर आमचा सर्वाधिक भर आहे. मजुरी न बुडवता येणारा दवाखाना म्हणजेच मजुराचा दवाखाना.

वर्षावासाचे तीन महिने विहारात दर रविवारी ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. त्यातला एक रविवार तोंड तपासणीला द्या. आशाताईंना आधी कळवा. तिशीच्या पुढच्यांच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, त्यांच्याकडे त्याचा फॉर्म असतो. तंबाखू सोडायची तयारी दाखवणाऱ्याला १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक तिथेच लावून द्या, नुसता लिहून देऊ नका. बायांची तपासणी आडोशाला, पुरुषांच्या रांगेत नको. सापडलेल्यांची यादी करून पुढच्या आठवड्यात त्यांना सोबत घेऊन दंत महाविद्यालयात जाणारे दोन कार्यकर्ते नावानिशी ठरवा. एकटे पाठवले तर निम्मे जात नाहीत. टॉर्च चांगल्या उजेडाची घ्या, आणि हातमोजे प्रत्येक माणसामागे नवे.